तीन वळणांना तीन दाब

घाटातून गाडी कशी उतरवावी हे मला शिकवणारी माणसं आयुष्यभर भेटली. त्यातल्या एकालाही गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

मी खरं शिकलो ते लष्करात. आठ वर्षं डोंगरात रसद वाहिली. आमचा उस्ताद एक पंजाबी हवालदार होता. पहिल्याच दिवशी तो ब्रेकच्या पायडलवर खडूनं फुली मारायचा आणि म्हणायचा, हा थांबायला आहे, उतरायला नाही. उतरायचं इंजिनानं. ज्या गेरात गाडी हा चढ चढली असती त्याच गेरात तो उतरायचा. गेर टाकायचा तोही उतार लागण्याआधी, वरच, गाडी आपल्या ऐकण्यात असताना. मग रेसवरचा पाय काढून घ्यायचा. चाकं इंजिनाला फिरवू बघतात, इंजिन चाकांना मागं ओढतं, आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं खाली येते. आवाज मोठा होतो. पण पाय उचललेला असेल तर पंप डिझेल सोडतच नाही, तो आवाज फुकटचा असतो. हे मला विशीत पाठ होतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं, निदान पुढं जे झालं त्यात माझा दोष कमी धरता आला असता.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. आमची पिंपळदरी येडशीचा घाट उतरला की पायथ्याला आहे. गावातल्या विहिरींचा तळ दिसून सहा महिने झाले होते, आणि पाणी वर, येडशीच्या शिवारातल्या एका बागायतदाराच्या विहिरीत होतं. गावच्या सोसायटीनं लिलावातली एक जुनी गाडी घेतली, लोहाराकडून तिच्यावर पत्र्याची टाकी बसवून घेतली, आणि आता ती चालवायला माणूस पाहिजे होता. पंचक्रोशीत अवजड गाडीचं लायसन असलेला मी एकटा.

तरी सोसायटीच्या ओट्यावर कुजबूज झालीच. छप्पन सालापासून आम्ही बौद्ध झालो होतो, पण ते आम्हाला कळलं होतं, गावाला अजून कळायचं होतं. पाण्याच्या गाडीवर पिराजी कसा, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर सोसायटीचे चेअरमन हिंमतराव उसळून म्हणाले, "आरं, त्यो गाडी चालवनार हाय. पान्यात हात घालनार हाय का?"

हे वाक्य माझ्या बाजूचं होतं की माझ्या विरुद्ध, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. नोकरी मात्र त्यानंच मिळाली.

आणि हिंमतरावांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या माणसानं तहसीलच्या पायऱ्या झिजवून ती गाडी उभी केली. स्वतः तांब्याभर पाण्यात अंघोळ करायचे. त्यांनी नेम घालून दिला होता की गाडी एक दिवस गावात आणि एक दिवस वस्तीत उभी राहील. वस्तीतही थेट नळाखाली आमच्या बायकांनी आपापली घागर धरायची. वरून कुणी ओतणार नाही, कुणी लांब उभं करणार नाही. माझ्या आईनं सगळी हयात दुसऱ्यानं वरून ओतलं तेवढंच पाणी घेतलेलं. ती पहिल्या दिवशी नळाखाली घागर लावून तशीच उभी राहिली, भरून वाहायला लागली तरी. मी ओरडलो तिच्यावर, पाणी सांडतंय म्हणून. नंतर मला फार वाईट वाटलं.

तर असा हा माणूस. ह्याला नाही म्हणायचं कसं?

पहिले दोन दिवस मी उस्तादाच्या शिकवणीप्रमाणं दुसऱ्या गेरात घाट उतरलो. आमचा घाट काही फार मोठा नाही, तीन मोठी वळणं आणि संपला. पण तो गावाच्या डोक्यावरच आहे. वर बकरी ओरडली तर खाली ऐकू येते. दुसऱ्या गेरातलं इंजिन कोकलायला लागलं की सगळं गाव माना वर करून ऐकायचं. तिसऱ्या दिवशी मला ओट्यावर बोलावणं आलं.

"पिराजी, गाडी लई बोंबलत येती रं," हिंमतराव म्हणाले. "डिझेल पीती का काय?"

डिझेल तहसीलातून मोजून मिळायचं. ते संपलं की गाडी उभी, आणि गाडी उभी की गाव तहानेलं. त्यामुळं लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांचा डोळा डिझेलवर. मी समजावून सांगितलं. गेरात उतरताना पाय रेसवर नसतो, पंप बंद असतो, चाकंच इंजिनाला फिरवत असतात, सगळं सांगितलं. हिंमतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आवाज काय पान्यावर येतो व्हय?"

सगळा ओटा हसला. एवढा हसला की मीही हसलो. तिथं हसायला नको होतं मी.

तेव्हापासून नेम ठरला. घाटाच्या तोंडाशी गाडी आली की गेर काढायचा, न्यूट्रल करायची, आणि इंजिन बंद करायचा जो दट्ट्या असतो तो ओढायचा. गाडी आपल्या वजनानं खाली येईल, डिझेलचा थेंब जळणार नाही. खाली गाव कान देऊन बसलेलं असायचं. आवाज आला नाही म्हणजे पिराजी शहाण्यासारखा आला. मी एकटा असलो तरी सुटका नव्हती, कारण पहारा कानांचा होता. हिंमतराव रोज सकाळी गाडीत सारखंच डिझेल मोजून ओतायचे, आणि संध्याकाळी ओट्यासमोर खुणांची काठी डिझेलच्या टाकीत घालायचे आणि ओली खूण सगळ्यांना दाखवायचे. काल होती तिथंच आहे म्हटल्यावर म्हातारी माणसं मान डोलवायची. जणू देवाचा कौल मिळाला.

आता ह्यात खोच अशी, की त्या गाडीचा ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालायचा. इंजिन बंद केलं की ब्रेकमध्ये थोडी शिल्लक उरते. तेवढी वापरली की पायडल दगड होतं, मग वर दोन्ही पायांनी उभे राहिलात तरी गाडी ऐकत नाही. मी ती शिल्लक मोजून काढली होती. तीन दाब. घाटात वळणं तीन. प्रत्येक वळणाला एक दाब, तोही बेतानं, आणि मग सपाटीवर गाडी आपोआप हळू होते. दोन महिने मी रोज दोनदा हा हिशेब खेळत होतो. घाट संपला की सदरा पाठीला चिकटलेला असायचा, उन्हानं नव्हे.

आणि तिसऱ्या वळणाच्या पुढं, रस्त्यातच, माझी बायको बसलेली असायची.

तिथं दुष्काळी काम चाललं होतं. रस्ता रुंद करायचा होता म्हणून चाळीस-पन्नास बायका डाव्या कडेला ओळीनं बसून खडी फोडायच्या. प्रत्येकीसमोर आपापला ढीग, शनिवारी त्याची मोजणी. उन्हाची तिरीप घाटाच्या बाजूनं यायची, तरी बायका घाटाकडं तोंड करून बसायच्या, कारण आवाज न करता येणाऱ्या गाडीची त्यांना भीती वाटायची. गाडी दिसली की हातोडा टाकून कडेला सरायच्या. एकटी माझी पुतळाबाई घाटाकडं पाठ करून बसायची. शेजारच्या बनाबाईनं तिला एकदा म्हटलं, "पुतळे, तोंड फिरव की. गाडी यील अंगावर."

ती म्हणाली, "माजाच नवरा हाय. त्याला काय बघायचं?"

बायका खूप हसल्या. बनाबाईनं मला ते सांगितलं तेव्हा माझी छाती फुगली होती. आता ते आठवलं की जेवण जात नाही.

मे महिन्याच्या शेवटी एक दिवस असा आला की येडशीच्या विहिरीनंही हात टेकले. पंप हवा ओढायला लागला. टाकी अर्धीच भरली. मी झाकण लावतोय तोच हिंमतराव रस्त्यानं चालत आले. उस्मानाबादला बैठकीला गेले होते, एसटीनं येडशीपर्यंत आले आणि म्हणाले, आता तुझ्याबरोबरच येतो खाली. चेहरा पडलेला होता.

"पुढच्या हप्त्यापासून डिझेल निम्मं," केबिनमध्ये चढता चढता ते म्हणाले. "निम्मं! काय करावं मानसानं?"

डाव्या बाजूच्या दाराचा खटका तुटलेला होता, म्हणून मी ते दार तारेनं बांधून ठेवायचो. ते माझ्या बाजूनं चढून पलीकडं सरकले. मी चढलो, दार ओढलं. दोघं त्या तापलेल्या डब्यात बसलो. रस्ताभर ते डिझेलचंच बोलत होते आणि मी टाकीतलं पाणी ऐकत होतो.

टाकी गच्च भरलेली असली तर पाणी जागेवर बसतं. अर्ध्या टाकीत ते पळतं. लोहारानं टाकीच्या आत आडवे पत्रे लावले नव्हते, त्यामुळं जरा ब्रेक लावला की सगळं पाणी धावत येऊन पुढच्या पत्र्यावर आदळायचं. सपाटीवरच गाडी ढुशी मारत होती. घाटाचं तोंड दिसायला लागलं.

"साहेब," मी म्हणालो, "आज टाकी अर्धी हाय. आज तेवढं गेरात उतरू द्या."

"आरं, अर्धी म्हंजे हलकी. हलक्या गाडीला कशाला पायजे गेर?"

"पानी हिंदकळतंय साहेब. ब्रेक पुरायचा न्हाय."

"रोज पुरतो की."

"रोज टाकी भरल्याली असती."

"पिराजी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका थकलेला होता की रागापेक्षा तो वाईट, "निम्म्या डिझेलात गाव जगवायचं हाय मला. आन तू आजच बोंबलत उतरनार? खाली लोक काय म्हनतील?"

मला गेर टाकता आला असता. हात दांड्यावरच होता. पण डोळ्यासमोर आईची घागर आली, आणि हिंमतराव नसते तर ही गाडी वस्तीत कधी शिरलीच नसती हेही आलं. माणूस उपकाराखाली सापडला की त्याला साधं खरंही ठामपणे बोलता येत नाही. मी गेर काढला. हिंमतरावांनी स्वतःच्या हातानं दट्ट्या ओढला.

इंजिन गप्प झालं. नुसता चाकांचा आवाज आणि मागं पाण्याचा.

पहिलं वळण आलं. मी ब्रेक दाबला. गाडी आवळली गेली आणि त्याच क्षणी सगळं पाणी पुढं येऊन आदळलं, गाडी पुन्हा सुटली. वळण निम्मं राहिलेलं. मला दुसऱ्यांदा दाबावं लागलं. वळण झालं, पण दोन दाब गेले होते.

एक उरला होता, आणि वळणं दोन.

"साहेब, दट्ट्या आत ढकला."

"का?"

"ढकला म्हनतो ना! इंजिन पायजे."

"सरळ तर हाय रस्ता," ते म्हणाले, आणि त्यांनी दट्ट्यावर हात ठेवला. मी घाबरून डिझेल जाळीन अशी त्यांना भीती होती. त्यांना खरंच तीच भीती होती. समोर दरी दिसत होती आणि ते डिझेल राखत होते.

गाडीनं वेग धरला. दुसऱ्या वळणाला मी शेवटचा दाब दिला. डाव्या अंगाची चाकं कठड्याच्या दगडाला घासून निघाली. केबिनमध्ये जळका वास भरला, ब्रेकच्या पट्ट्यांचा. पुढं मी पाय दिला तर पायडल हललंच नाही. भिंतीवर पाय दिल्यासारखं. हँडब्रेक ओढला, तो नुसता किरकिरला.

आता हिंमतरावांना कळलं. त्यांनी डावं दार ढकललं. तार. पुन्हा ढकललं. "दार उघड! दार उघड रं!" ते मला म्हणत होते आणि माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. पुढं पाव मैलाचा सरळ उतार, मग तिसरं वळण, आणि वळणाच्या पलीकडं पन्नास बायका. त्यात एक आमच्याकडं पाठ करून.

त्यांनी दट्ट्या सोडला होता. मी तो ढकलला, क्लच दाबला, टॉप गेर रेटला आणि क्लच सोडला. चाकांनी इंजिनाला हिसडा दिला. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. पण ब्रेकात पुन्हा जोर भरायला वेळ लागतो, आणि टॉप गेरात त्या उताराला काही अर्थ नव्हता, गाडी तशीच पळत होती. खालचा गेर हवा होता. आणि त्या जुन्या गाडीत पळत्या गाडीला खालचा गेर घालायचा तर एकच रीत. क्लच, न्यूट्रल, मग रेस जोरात दाबून इंजिन चाकांच्या बरोबरीला आणायचं, पुन्हा क्लच, आणि गेर. म्हणजे ब्रेक नसलेली गाडी घाटात सुटलेली असताना रेस द्यायची.

मी रेस दिली. इंजिन किंचाळलं.

"येडा झालास काय!" हिंमतराव माझ्या अंगावर आले. "उतारावर रेस देतोस? मारतोस का मला?" त्यांनी दोन्ही हातांनी माझा गुडघा धरला आणि पाय रेसवरून वर ओढला. इंजिन पडलं. गेर दातावर करकरला आणि बाहेर फेकला गेला. गाडी न्यूट्रल, पूर्वीपेक्षा जोरात.

मी कोपर मारलं. कुठं बसलं ते पाहिलं नाही. आणि ओरडलो, "हात काढ! तुला कळत न्हाय त्यात हात घालू नको!"

उभ्या हयातीत मी हिंमतरावांना एकेरीत बोललो ते तेवढंच. त्यांचे हात निघाले.

पुन्हा क्लच. न्यूट्रल. रेस, अजून रेस, कानांत दडे बसेपर्यंत. क्लच, आणि दांडा रेटला. तिसरा गेर पडला. गाडीला कुणी मागून दोरानं धरल्यासारखं झालं, हिंमतराव समोरच्या काचेवर जाऊन आदळले. पाणी आदळलं, पण आता इंजिन धरून होतं. वेग उतरायला लागला. वळणाच्या तोंडाशी मी पुन्हा तोच खेळ केला आणि दुसरा मिळाला. गाडी कोकलत, थरथरत वळणातून बाहेर आली.

बायकांनी आवाज ऐकलाच होता. त्या उठून शेताकडं पळत होत्या. हातोडे, भाकरीची फडकी, सगळं टाकून. ओळ मोकळी झाली. एकच जागा मोकळी झाली नाही.

पुतळाबाई पाठ करून बसली होती. हातोडा वर जात होता, खाली येत होता.

गाडी हळू झाली होती, पण थांबलेली नव्हती. उजवीकडं ओढा होता. मी डावीकडं खडीच्या ढिगांवर गाडी घातली. पहिला ढीग, दुसरा, तिसरा. प्रत्येक ढिगाला गाडी थोडी मरत होती. हॉर्न त्या गाडीला नव्हताच. मी खिडकीतून तिचं नाव घेऊन ओरडलो, बनाबाई ओरडत होती, सगळ्या ओरडत होत्या. इंजिनाच्या आवाजात तिला काय ऐकू गेलं असेल कुणास ठाऊक. शेवटच्या ढिगात पुढची चाकं रुतली, इंजिन गचका खाऊन बंद पडलं आणि गाडी थांबली. तो ढीग तिचाच होता. त्यातली खडी उडून तिच्या पाठीवर बसली.

तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. बंपर हाताच्या अंतरावर होता. तिनं आधी बंपर पाहिला, मग वर काचेतून मला पाहिलं.

मला स्टेअरिंग सोडता येत नव्हतं. बोटं उलगडेनात. हिंमतराव माझ्या मांडीवरून सरकत माझ्या बाजूच्या दारानं खाली उतरले. ओठ फुटला होता, तो काचेनं की माझ्या कोपरानं ते मी विचारलं नाही. त्यांनी टोपी झटकून घातली. लोक गोळा झाले, तसे ते म्हणाले, "ब्रेक गेला. मी म्हनलं पिराजीला, गेर टाक, घाबरू नगंस. टाकला बघा त्यानं."

लोकांनी हिंमतरावांकडं कौतुकानं पाहिलं. माझं लक्ष पुतळाबाईकडं होतं, ती उकिडवी बसून रस्ताभर पसरलेली खडी एक एक करून गोळा करत होती.

संध्याकाळी, पहिल्या गेरात रांगत आणलेली गाडी ओट्यासमोर उभी होती. हिंमतरावांनी काठी टाकीत घातली. आज अर्धा घाट गाडी बोंबलत उतरली होती, वर रेस देऊन इंजिन किंचाळवलं होतं. काठी बाहेर काढली. ओली खूण कालच्याच जागी होती. त्यांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तिथंच. आज पहिल्यांदा त्यांनी ती कुणाला दाखवली नाही. लोक पांगले तसं मला बाजूला घेतलं.

"म्हंजे तू म्हनत व्हतास ते खरं."

"व्हय साहेब."

"मंग ह्ये दोन म्हैने..."

"फुकट साहेब."

काठीकडं बघतच ते म्हणाले, "उद्यापासून गेरात उतर. गावाला मी सांगतो ब्रेक खराब हाय म्हनून. काठीच्या खुनंचं कुनाकडं बोलू नगंस." आणि जाता जाता, पाठमोरेच, "घाटात मला तू म्हनलास."

"व्हय."

"ध्यानात हाय माज्या."

त्यांनी वस्तीचं पाणी तोडलं नाही, माझी नोकरी घेतली नाही. पण गाडीत पुन्हा कधी बसले नाहीत, आणि ओट्यावर मी गेलो की बोलणं थांबायचं.

हे सगळं मी सोसलं. सोसलं नाही ते घरी.

पुतळाबाईच्या पाठीवर पाच-सहा ठिकाणी काळंनिळं झालं होतं. मी हळद गरम करून लावत होतो. तिनं विचारलं, "उठले न्हाय म्हून रागावला का?"

"न्हाय गं."

"मला वाटलं, तुमीच हात. काय व्हतंय?"

माझा हात थांबला. मला तिथं गप्प बसता आलं असतं. पण दिवसभर दुसऱ्याचं खोटं गिळून माझं पोट भरलं होतं. मी सांगितलं. दट्ट्याचं, तीन दाबांचं, उस्तादाचं. गेरात डिझेल लागत नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि बंद गाडीत चौथा दाब नसतो हेही ठाऊक होतं. भीती माझी मलाच वाटायची, म्हणून दाब मोजत यायचो.

तिनं पदर पाठीवर घेतला, अजून हळद लावायची होती तरी.

"म्हंजे रोज," ती म्हणाली, "मी तितं बसल्याली असायची, आन तुमी वर बंद करायचे."

"पान्यासाठी, पुतळे. वस्तीच्या पान्यासाठी. आईची घागर..."

"व्हय," ती म्हणाली. "ठावं हाय मला. म्या बी पेले त्ये पानी."

भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट वाढलं, मी जेवलो, तिनं भांडी राखेनं घासली.

दुसऱ्या दिवसापासून मी वरच दुसरा गेर टाकून, रेसवरचा पाय उचलून, अगदी उस्तादानं फुली मारून दाखवलं तसा घाट उतरायला लागलो. गाडी इतकी सावकाश यायची की पायी चालणारा पुढं निघून जाईल. इंजिनाचं कोकलणं येडशीपासून खाली गावापर्यंत ऐकू जायचं. बायकांना आता लांबूनच कळायचं. त्यांची भीती गेली, एक एक करून त्या सावली धरून, घाटाकडं पाठ करून बसायला लागल्या. बनाबाईसुद्धा.

मी तिसऱ्या वळणातून बाहेर पडायचो तेव्हा सगळ्या ओळीच्या पाठी दिसायच्या आणि एक तोंड दिसायचं. पुतळाबाई हातोडा मांडीवर ठेवून, उन्हात डोळे बारीक करून, माझी गाडी पुढं निघून जाईपर्यंत तिच्याकडं बघत असायची.